संबंध असल्यास नमूद करावा

अत्तरदे शेठ म्हणाले, सुरवाडे, त्या ज्ञानकोशात
आपल्या जिनिंगचं काहीतरी वेडंवाकडं आहे,
तेवढं नीट करून टाक.
फाटकाची कडी ढिली झाली की म्हणतात,
अगदी त्याच आवाजात.

धरणगाव. चैत्र. दुपारचे तीन.
कूलरला पाणी नाही, वाळ्याचा नुसता वास.
नोंद उघडली. सहा ओळी होत्या :
स्थापना कधी, रेचे किती, गाठी किती,
आणि चौथी,
सत्त्याऐंशी सालच्या आगीत दोन हमाल दगावले.

चौथी ओळ मी काढली.
बोट थरथरलं वगैरे काही नाही.
कळ होती, दाबली.
मग कपाटातली सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढली
आणि पान अकरा ते चौदा
स्वल्पविरामांसकट आत ओतली,
'पांढऱ्या सोन्याला घामाचा सुगंध देणारी ही वास्तू'
इथपासून.

संध्याकाळी सगळं पूर्ववत.
'गिरणाकाठ' नावाचं कुणी होतं,
बाई असेल, कॉलेजातलं पोरगंही असेल,
त्यानं दोनच प्रश्न ठेवले होते :
या संस्थेशी आपला काही संबंध?
हा मजकूर कुणाचा?

संबंध.
माझ्या भुवयांत रुई आहे.
दर सात तारखेला रजिस्टरवर सही करतो,
तिथे कुणी विचारत नाही.
बहिणीच्या लग्नात मांडवाचं बिल
शेठनी परस्पर चुकतं केलं, तो धरायचा का?
आणि त्या दोघांतला एक उखा,
ज्याचा गाठी ओढायचा हुक
बापानं आणून आमच्या खुंटीला अडकवला,
अजून तिथेच आहे,
तो?

दुसरा प्रश्न सोपा वाटला.
शेठ म्हणाले, स्मरणिका आपली, कागद आपला,
छापखान्याचं बिल आपण भरलं,
मग शब्द काय शेजाऱ्याचे?
तेच लिहिणार होतो.
पण शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खाली,
मुंगीएवढ्या टायपात :
शब्दांकन, ना. रा. बऱ्हाटे गुरुजी, एरंडोल.

रविवारी गेलो.
गुरुजी नाहीत. मुलगी आहे, ब्लाऊज शिवते,
माझं ऐकताना तिनं मशीन थांबवलं नाही.
मानधन? एक शाल दिली होती,
ती उंदरांनी खाल्ली.
मग उठली, पत्र्याच्या पेटीतून वही आणली.
निळी शाई. पान बारा.
तिथे आग होती.
किती वाजता लागली, विहिरीवरचा पंप का बंद होता,
उखाचं नाव, दुसऱ्याचं नाव, रायसिंग,
वय एकोणीस,
आणि या सगळ्यावर एक आडवी लाल रेघ.
समासात थोरल्या शेठच्या अक्षरात :
अनावश्यक.

वापरायची परवानगी देता का, विचारलं.
दोरा दातानं तोडून म्हणाली,
रेघेखालचंही नेणार असाल तर न्या.
नाहीतर बाबांचं राहू द्या बाबांकडे.

रात्री आईला सांगितलं.
ती कळण्याची भाकरी उलटत होती.
'मंग तू कोना शे रे?' एवढंच बोलली,
आणि ठेच्याची वाटी पुढे सारली.

सोमवारी चर्चापानावर लिहिलं :
होय. मी इथे पगारी आहे.
नोंदीला पुन्हा हात लावणार नाही.
मजकूर माझा नाही, मालकांचाही नाही, तो काढलात ते बरं केलंत.
चौथी ओळ राहू द्यावी.
तिच्यात दोन नावं कमी आहेत,
ती खाली देतो आहे.

उत्तर लगेच आलं, सभ्य होतं :
धन्यवाद. नावांना छापील आधार आहे का?

छापील.
मी वहीच्या पानाचा फोटो बघत बसलो.
लाल रेघ फोटोत जास्तच लाल आली आहे.

केबिनमधून शेठ विचारतात,
सुरवाडे, झालं का ते नीट?
चर्चा चालू आहे, मी म्हणतो.
भिंतीवरच्या कॅलेंडरात आज सहा.